ट्रेसपास (शब्द)

ट्रेसपास हे इंग्रजी भाषेतील एक जुने क्रियापद आहे. नाम म्हणूनही ते तसेच वापरले जाते. दुसऱ्याच्या ताब्यातील जमिनीत किंवा घरात परवानगीवाचून शिरणे हा त्याचा आजचा रूढ अर्थ होय. परंतु हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा जमिनीशी विशेष संबंध नव्हता. पाप करणे, नियम मोडणे, दुसऱ्याचे नुकसान करणे, मारहाण करणे अशा सर्व प्रकारच्या अपकृत्यांना तो लागू होत असे. त्याचे मूळ मात्र याहूनही साधे आहे. 'पलीकडे पाऊल टाकणे' एवढाच त्याचा मूळ अर्थ असून त्यात दोषाचा अंशही नाही. चालण्याच्या क्रियेसाठी असलेला शब्द प्रथम पापाचा, नंतर न्यायालयीन दाव्याचा आणि शेवटी कुंपणावरील पाटीचा शब्द कसा झाला, हा इंग्रजी शब्दार्थाच्या इतिहासातील एक उद्बोधक भाग आहे. भारतीय फौजदारी कायद्यात हाच शब्द वेगळी अट घालून स्वीकारला गेला. त्यामुळे इंग्लंडमधील ट्रेसपास आणि भारतातील ट्रेसपास या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

व्युत्पत्ती

लॅटिनमध्ये 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे आणि 'पासुस' म्हणजे पाऊल. 'पासुस'वरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'पासारे', म्हणजे चालत जाणे किंवा ओलांडणे, हे क्रियापद तयार झाले. या दोहोंच्या संयोगातून प्राचीन फ्रेंचमधील 'त्रेपासे' हे क्रियापद आले. त्या काळी त्याचे लेखन 'त्रेस्पासेर' असे होत असे. मराठीत रुळलेले पास, पासपोर्ट, पॅसेज हे शब्द याच 'पासारे'च्या कुळातील आहेत.

फ्रेंचमध्ये या क्रियापदाला दोन वाटा फुटल्या. नियमापलीकडे जाणे ही एक, आणि जीवनाच्या पलीकडे जाणे, म्हणजे मरणे, ही दुसरी. आधुनिक फ्रेंचमध्ये दुसरीच शिल्लक राहिली असून तेथे 'त्रेपासे' म्हणजे निधन पावणे. ख्रिस्ती परंपरेतील मृतांच्या स्मरणाचा दिवस फ्रेंचमध्ये याच शब्दाच्या आधारे ओळखला जातो, आणि ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरील एका उपसागराच्या 'बे दे त्रेपासे' या नावाचा अर्थ मृतांचा उपसागर असा होतो. इंग्रजीने पहिली वाट धरली. एकाच धातूपासून निघालेला शब्द खाडीच्या एका तीरावर मरणाचा आणि दुसऱ्या तीरावर अपराधाचा झाला.

'ट्रान्सग्रेस' हा इंग्रजीतील दुसरा शब्दही याच कल्पनेवर उभा आहे. त्यात 'पासारे'ऐवजी 'ग्रादी', म्हणजे पावले टाकणे, हा धातू आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये न्यायालयाच्या नोंदी लॅटिनमध्ये ठेवल्या जात. त्यांत 'ट्रान्सग्रेसिओ' असे लिहिले जाई आणि वकील तोंडाने त्यालाच फ्रेंचमध्ये 'त्रेस्पास' म्हणत. पुढे दोन्ही शब्द इंग्रजीत उरले. ट्रान्सग्रेस ग्रंथांत आणि प्रवचनांत गेला, तर ट्रेसपास न्यायालयात आणि शेतात.

इंग्रजीत आगमन

इ.स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभार व न्यायदान यांची भाषा अनेक शतके फ्रेंच राहिली. इंग्रजीत त्यापूर्वी अपकृत्यासाठी स्वतःचे शब्द होते. आजच्या 'गिल्ट' या शब्दाचे मूळ असलेले 'गिल्त' हे त्यांपैकी एक. बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेच्या प्राचीन इंग्रजी भाषांतरात तेच येते. आजच्या 'सिन'चे पूर्वरूप असलेले क्रियापदही प्रचारात होते. नॉर्मन विजयानंतर हे शब्द नाहीसे झाले नाहीत, पण त्यांच्या शेजारी सत्ताधाऱ्यांचे शब्द येऊन बसले. ट्रेसपास हा त्यांपैकी एक असून तो इ.स. १३०० च्या सुमारापासून इंग्रजी लेखनात आढळतो. त्या वेळी त्याचा अर्थ धर्माचा किंवा कायद्याचा भंग करणे असा व्यापक होता. परक्या जागेत बेकायदा शिरणे हा अर्थ पंधराव्या शतकाच्या मध्यास, स्कॉटलंडच्या संसदेने केलेल्या अरण्यविषयक कायद्यांत, प्रथम दिसतो. या शब्दाचा आज सर्वपरिचित असलेला अर्थ हा असा उशिरा आलेला आहे, आणि तो आला तोही राजाच्या व सरदारांच्या रानांच्या संदर्भात.

प्रार्थनेतील शब्द

इंग्रजी बोलणाऱ्या सर्वसामान्य माणसाच्या तोंडी हा शब्द बसला तो प्रभूच्या प्रार्थनेमुळे. या प्रार्थनेत क्षमायाचनेचे एक वाक्य आहे. क्षमा कशाची मागायची, यासाठी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'ऋणे' असा आहे; लूकच्या शुभवर्तमानात त्या जागी 'पापे' असा शब्द येतो. मत्तयमध्ये प्रार्थना संपल्यावर लगेच येणाऱ्या विवेचनात आणखी एक तिसरा ग्रीक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ पाय घसरून बाजूला पडणे असा असून ट्रेसपासशी जवळीक आहे ती याच शब्दाची.

चौदाव्या शतकातील विक्लिफच्या परंपरेतील भाषांतराने प्रार्थनेत 'ऋणे' हाच शब्द ठेवला. विल्यम टिंडलने १५२६ च्या आपल्या नव्या कराराच्या भाषांतरात त्या जागी ट्रेसपास घातला. १५४९ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचे पहिले सामुदायिक प्रार्थनापुस्तक निघाले, त्यातही हाच शब्द आला आणि दर रविवारी देवळादेवळांतून तो म्हटला जाऊ लागला. १६११ च्या राजमान्य बायबलने प्रार्थनेत पुन्हा 'ऋणे' हा शब्द आणला आणि पुढील विवेचनात ट्रेसपास ठेवला. परंतु लोकांच्या ओठांवर बसलेली प्रार्थना छापील भाषांतराने बदलली नाही. परिणामी आजही अँग्लिकन व कॅथलिक उपासक सामान्यतः ट्रेसपास म्हणतात, तर स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन परंपरेत ऋणांचा उल्लेख होतो. दोन पंथांचे लोक एकत्र प्रार्थनेला बसले की या एका शब्दापाशी आवाज फुटतो.

मराठीत प्रचलित प्रोटेस्टंट भाषांतराने 'ऋण' हा शब्द निवडला आहे. तो केवळ शब्दशः भाषांतर म्हणून योग्य आहे असे नाही. वैदिक संस्कृतात ऋण या शब्दाला देणे आणि दोष असे दोन्ही अर्थ होते. जर्मन भाषेतील 'शुल्ड' हा शब्दही आजतागायत कर्ज व अपराध हे दोन्ही अर्थ बाळगून आहे. जुन्या करारात अपराधाची भरपाई म्हणून करावयाच्या एका अर्पणाला इंग्रजी राजमान्य बायबल 'ट्रेसपास ऑफरिंग' म्हणते. मराठी बायबलमध्ये त्याला 'दोषार्पण' हा नेमका शब्द आहे.

न्यायालयातील ट्रेसपास

मध्ययुगीन इंग्लिश कायद्यात फार गंभीर गुन्ह्यांना 'फेलनी' म्हणत आणि त्यांची शिक्षा बहुधा देहान्त व मालमत्तेची जप्ती ही असे. त्यापेक्षा लहान असलेली जवळजवळ सर्व अपकृत्ये ट्रेसपास या एकाच नावाखाली येत. तेव्हा ते एका विशिष्ट गुन्ह्याचे नाव नव्हते. 'चूक' या शब्दाइतका तो विस्तृत होता.

तेराव्या शतकात राजाच्या न्यायालयात ट्रेसपासचा दावा लावण्यासाठी स्वतंत्र आज्ञापत्र मिळू लागले. त्या काळी प्रत्येक प्रकारच्या तक्रारीसाठी ठरावीक मजकुराचे आज्ञापत्र राजाच्या कचेरीतून विकत घ्यावे लागे, आणि तक्रार त्या साच्यात बसली नाही तर दावा चालत नसे. ट्रेसपासच्या साच्यात दोन वाक्प्रयोग असत: कृत्य बळाने व शस्त्रांनी केले आहे, आणि त्यामुळे राजाच्या शांततेचा भंग झाला आहे. क्षुल्लक भांडणे स्थानिक न्यायालयांनी मिटवावीत आणि राजाच्या न्यायाधीशांपुढे केवळ शांततेचा भंग करणारी प्रकरणे यावीत, हा त्यामागील हेतू होता. लोकांनी त्यावर तोड काढली: शस्त्रे असोत वा नसोत, ती कागदावर घालायची.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण १३१७ मधील आहे. सायमन डी रॅटल्सडेन याने रिचर्ड डी ग्रुनस्टोन याच्याकडून द्राक्षमद्याचे एक मोठे पिंप विकत घेतले आणि ते काही काळ विक्रेत्याकडेच ठेवले. प्रतिवादींनी तलवारी आणि धनुष्यबाण घेऊन पिंपातील बरेचसे मद्य काढून घेतले व त्याजागी खारे पाणी भरले, असा त्याचा दावा होता. भेसळ करण्यासाठी धनुष्यबाणाची गरज कोणाला पडली असेल असे इतिहासकारांना वाटत नाही. वाहतुकीत बिघडलेल्या मालाची किंवा विक्रेत्याच्या लबाडीची ही साधी तक्रार असावी आणि शस्त्रे केवळ न्यायालयाचे दार उघडण्यासाठी आली असावीत, असा अर्थ सामान्यतः लावला जातो.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाटक हळूहळू मागे पडले. शस्त्रांचा उल्लेख न करता घडलेली हकिकत जशीच्या तशी मांडणारा नवा दावा मान्य झाला. मूळ ट्रेसपास प्रत्यक्ष व थेट इजेसाठी, तर नवा दावा अप्रत्यक्ष परिणामांसाठी, अशी वाटणी पुढे रूढ झाली. ही सीमारेषा समजावून देताना ओंडक्याचे उदाहरण दिले जाते. रस्त्यात टाकलेला ओंडका येणाऱ्याच्या अंगावर पडला तर तो ट्रेसपास. तोच ओंडका रस्त्यात पडून राहिला आणि नंतर कोणी त्याला अडखळून पडला तर तो दुसरा दावा.

उदाहरण सोपे असले तरी व्यवहार तितका सोपा नव्हता. इंग्लंडमधील एका बाजारात शेपर्ड नावाच्या मुलाने पेटता फटाका फेकला. तो एका विक्रेत्याच्या मांडवाजवळ पडला. तेथील एका माणसाने तो उचलून पुढे भिरकावला, दुसऱ्या विक्रेत्यानेही तसेच केले आणि अखेर तो स्कॉट नावाच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर फुटून तिचा डोळा गेला. ही थेट इजा म्हणायची का? १७७३ मध्ये बहुसंख्य न्यायाधीशांनी होकारार्थी उत्तर दिले. मधल्या लोकांनी स्वसंरक्षणासाठी फटाका फेकला असल्याने मूळ फेकच पुढे चालू राहिली, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लिश कायद्याचे सुप्रसिद्ध भाष्यकार विल्यम ब्लॅकस्टन त्या वेळी न्यायासनावर होते आणि त्यांनी विरोधी मत दिले. डोळा गेला हे सर्वांना मान्य होते. वाद होता तो दाव्याचे नाव बरोबर आहे की नाही, यावर. ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील सुधारणांनी, विशेषतः १८७३ ते १८७५ च्या न्यायव्यवस्थाविषयक कायद्यांनी, संपुष्टात आणली. तरी शरीराविरुद्ध, वस्तूंविरुद्ध आणि जमिनीविरुद्ध ट्रेसपास हे तीन प्रकार इंग्लिश अपकृत्य-कायद्यात आजही शिकवले जातात. मारहाण आणि बेकायदा अटकाव हे त्यांपैकी पहिल्या प्रकारात मोडतात.

जमीन आणि घर

तीन प्रकारांपैकी सामान्य भाषेत जमिनीचा प्रकार टिकला, याचे एक कारण त्याच्या कठोरपणात शोधता येते. जमिनीविरुद्धच्या ट्रेसपाससाठी नुकसान सिद्ध करावे लागत नाही, आणि चूक प्रामाणिक होती असे सांगूनही सुटका होत नाही. १६८१ च्या बेसली विरुद्ध क्लार्कसन या खटल्यात प्रतिवादीने आपले गवत कापताना हद्द न ओळखता शेजाऱ्याचेही थोडे गवत कापले होते. त्याने चूक कबूल करून भरपाईही देऊ केली होती. तरीही तो जबाबदार ठरला, कारण कापण्याची क्रिया त्याने स्वेच्छेने केली होती आणि त्याच्या मनात काय होते हे पाहण्याचे न्यायालयाला कारण नव्हते. पाप करणे या जुन्या अर्थात मनाला सर्वांत मोठे स्थान होते. जमिनीच्या कायद्यात तेच मन बाहेर ठेवले गेले.

परवानगीने आत आलेला माणूस नंतर गैर वागला तर तो प्रारंभापासून अपराधी ठरतो का, हा प्रश्न १६१० च्या 'सहा सुतारांच्या खटल्यात' पुढे आला. लंडनमधील क्रिपलगेट येथील एका मद्यालयात सहा सुतार आले, मद्य प्याले, पैसे दिले. नंतर आणखी मद्य व पाव मागवून त्याचे पैसे देण्यास त्यांनी नकार दिला. केवळ पैसे न देणे हे 'न करणे' आहे, 'करणे' नव्हे, म्हणून सुतार ट्रेसपासचे दोषी नाहीत, असा निर्णय झाला. उधारी वसूल करण्याचा मार्ग मद्यालयाच्या मालकाला अर्थातच वेगळा होता.

या कायद्याचा सर्वांत मोठा उपयोग शेतमालकांना नव्हे, तर सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका लेखकाला झाला. नोव्हेंबर १७६२ मध्ये राज्यमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांच्या आदेशावरून नेथन कॅरिंग्टन व राजाचे इतर दूत जॉन एंटिक यांच्या घरात शिरले, चार तास त्यांनी कपाटे व कागदपत्रे धुंडाळली आणि शेकडो कागद उचलून नेले. एंटिक हे सरकारवर टीका करणाऱ्या एका नियतकालिकाशी संबंधित होते. त्यांनी दावा लावला तो भाषणस्वातंत्र्याचा नव्हे, तर ट्रेसपासचा. १७६५ मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड कॅमडेन यांनी निर्णय दिला की, जमिनीत टाकलेले प्रत्येक पाऊल, ते कितीही क्षुल्लक असो, ट्रेसपास आहे आणि त्याचे समर्थन करणारा कायदा दाखवण्याची जबाबदारी पाऊल टाकणाऱ्यावर आहे. मंत्र्याला असा अधिकार देणारा कोणताही कायदा ग्रंथांत नव्हता. एंटिक यांना ३०० पौंडांची भरपाई मिळाली. कायद्याच्या आधाराशिवाय शासन नागरिकाच्या दारात पाऊल टाकू शकत नाही, हे तत्त्व या निर्णयाने दृढ झाले. अमेरिकेच्या राज्यघटनेतील झडतीविषयक चौथ्या दुरुस्तीची पार्श्वभूमी म्हणूनही त्याचा उल्लेख केला जातो.

पाटी आणि पदयात्रा

इंग्लंडमध्ये केवळ दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हे सर्वसाधारणपणे दिवाणी अपकृत्य आहे, गुन्हा नाही. मालक जाण्यास सांगू शकतो, न ऐकल्यास वाजवी बळ वापरू शकतो, भरपाई मागू शकतो. पण खटला भरून शिक्षा करवू शकत नाही. असे असूनही शिरणाऱ्यांवर खटले भरले जातील अशा अर्थाच्या पाट्या इंग्रजी ग्रामीण भागात पिढ्यान्‌पिढ्या लागलेल्या आहेत. कायदेपंडितांत ही पाटी 'लाकडी असत्य' म्हणून प्रसिद्ध आहे. १९२६ च्या ए. ए. मिल्न यांच्या 'विनी द पू' या बालकथेत अशीच एक मोडकी पाटी आहे. तिच्यावरील उरलेल्या अर्धवट अक्षरांवरून पिगलेट हे पात्र ते आपल्या आजोबांचे नाव असल्याचे सांगते.

पाटीला विनोदाने नव्हे तर पायांनी उत्तर दिले गेले ते २४ एप्रिल १९३२ रोजी. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत सामाईक जमिनींना कायद्याने कुंपणे पडली होती. डर्बीशायरमधील किंडर स्काउट या पठारावरही पक्ष्यांच्या शिकारीसाठी माळराने राखून ठेवलेली होती आणि जवळच्या मँचेस्टर शहरातील कामगारांना तेथे चालण्यास मज्जाव होता. त्या दिवशी वीस वर्षांच्या बेनी रॉथमन यांच्या पुढाकाराने काही शे लोक हेफिल्ड गावाहून पठारावर चढले. त्यांची राखणदारांशी झटापट झाली. या मोहिमेला तिच्या आयोजकांनीच 'सामूहिक ट्रेसपास' असे नाव दिले होते. ज्या शब्दाचा पाटीवर धाक म्हणून वापर होत होता, तो त्यांनी झेंड्यासारखा हाती घेतला. पुढे पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली, आणि आरोप ट्रेसपासचा नव्हता. तो गुन्हाच नसल्याने दंगलसदृश जमाव व मारहाण यांसारखे आरोप ठेवावे लागले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आणि २००० मध्ये माळराने व डोंगराळ भाग पादचाऱ्यांसाठी खुले करणारा कायदा झाला. २००२ मध्ये, घटनेच्या सत्तराव्या वर्षी, त्या वेळच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी आपल्या घराण्याच्या पूर्वीच्या वर्तनाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

उलट दिशेनेही कायदा सरकला आहे. १९९४ च्या कायद्याने कायदेशीर काम अडवण्याच्या हेतूने केलेला 'गंभीर ट्रेसपास' आणि २०१२ च्या कायद्याने रिकाम्या निवासी घरात परवानगीशिवाय राहणे हे गुन्हे ठरवले. स्कॉटलंडमध्ये मात्र २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या पादचाऱ्याला बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर चालण्याचा हक्क दिला.

भारतीय कायद्यात

मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या कलम ४४१ मध्ये 'क्रिमिनल ट्रेसपास'ची व्याख्या होती. इंग्लंडमध्ये जे दिवाणी अपकृत्य होते ते येथे गुन्हा झाले. पण इंग्लिश कायद्याने बाहेर ठेवलेले मन येथे पुन्हा आत आले. नुसता प्रवेश पुरेसा नाही. गुन्हा करण्याच्या, अथवा ताबा असलेल्या व्यक्तीला धाक घालण्याच्या, तिचा अपमान करण्याच्या किंवा तिला त्रास देण्याच्या उद्देशाने प्रवेश केलेला असला पाहिजे. कायदेशीरपणे आत आलेला माणूस अशा उद्देशाने बेकायदा तेथेच थांबला तरी तो दोषी ठरतो. मथरी विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रवेशामुळे दुसऱ्याला त्रास होईल याची जाणीव असणे आणि त्रास देणे हाच प्रवेशाचा उद्देश असणे यांत फरक आहे. गुन्ह्यासाठी दुसरी गोष्ट सिद्ध व्हावी लागते.

व्याख्येतील दुसरा महत्त्वाचा शब्द 'ताबा' हा आहे. कायदा येथे मालकी विचारत नाही. भाडेकरूच्या ताब्यातील खोलीत त्याला धाक घालण्यासाठी शिरणारा घरमालकही या गुन्ह्यात सापडू शकतो. मनुष्यवस्तीची इमारत, तंबू किंवा जहाज, तसेच उपासनास्थळ किंवा माल ठेवण्याची इमारत यांत असा प्रवेश केल्यास तो अधिक गंभीर मानला जातो, आणि शरीराचा कोणताही भाग आत नेला तरी प्रवेश पूर्ण होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या दोन्ही व्याख्या कलम ३२९ मध्ये एकत्र आणल्या आहेत. साध्या प्रकारासाठी तीन महिन्यांपर्यंत आणि घरातील प्रवेशासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जुन्या संहितेत दंडाची मर्यादा अनुक्रमे ५०० व १,००० रुपये होती.

महाराष्ट्रातील खेड्यांना हा शब्द दंड संहितेपेक्षा १८७१ च्या कॅटल ट्रेसपास ॲक्टमुळे अधिक जवळून भेटला, जरी तो शब्द म्हणून कोणाला माहीत नसला तरी. गावोगावचे कोंडवाडे याच कायद्याखाली चालत. पिकात शिरून नुकसान करणारी गुरे शेतकऱ्याने धरावीत, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावीत आणि मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून ती सोडवून न्यावीत, अशी त्याची रचना आहे. गुरांच्या बाबतीत उद्देशाचा प्रश्न उद्भवत नाही; तेथे मूळ इंग्लिश नियमाचा कठोरपणा कायम राहिला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नेही राखीव वनात ट्रेसपास करणे व गुरे चारणे हे गुन्हे ठरवले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात गुरे चरत होती तेथे रेघ ओढली गेली आणि तेथील रहिवासीच परके ठरले. या अधिनियमाच्या आधीच जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात वनखात्यावर केलेली टीका अशाच स्थितीतून आलेली होती. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसद, बिळाशी, चिरनेर अशा अनेक ठिकाणी लोकांनी राखीव वनांचे निर्बंध उघडपणे मोडले. किंडर स्काउटची घटना यानंतर दोन वर्षांनी घडली. दोहोंत थेट संबंध नसला तरी कायद्याचा शब्द आणि त्याला दिलेले उत्तर सारखेच होते. फरक एवढाच की, मँचेस्टरचे कामगार विरंगुळ्यासाठी रान मागत होते, तर येथे चारा आणि सरपण यांचा प्रश्न होता.

मराठी प्रतिशब्द

कायद्याच्या अधिकृत मराठी अनुवादात 'फौजदारीपात्र अतिक्रमण' आणि 'गृह-अतिक्रमण' हे शब्द आहेत. अर्थाच्या दृष्टीने ही निवड विलक्षण जुळणारी आहे, कारण 'अति' म्हणजे पलीकडे आणि 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. लॅटिनमध्ये जे दोन घटक आहेत तेच संस्कृतात आहेत, आणि दोन्हींकडे पावलाचे रूपांतर दोषात झाले आहे. जैन आचारशास्त्रात तर व्रतभंगाच्या वाढत्या पायऱ्या अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार अशा सांगितल्या आहेत. त्या सर्व चालण्याच्या धातूंवर बेतलेल्या असून दोषांपासून मागे फिरण्याच्या विधीला प्रतिक्रमण म्हणतात. 'अपराध' या शब्दामागील चित्र मात्र वेगळे, नेम चुकण्याचे, आहे. लूकच्या शुभवर्तमानातील 'पाप' या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे मूळही तेच आहे.

व्यवहारात 'अतिक्रमण' हा शब्द गोंधळाचा ठरतो. सार्वजनिक रस्त्यावर किंवा गायरानावर बांधकाम करून जागा बळकावणे, ज्याला इंग्रजीत एन्क्रोचमेंट म्हणतात, त्यासाठीही मराठीत हाच शब्द वापरला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ५० शासकीय जमिनीवरील अशा अतिक्रमणाविषयी आहे आणि नगरपालिकांची अतिक्रमणविरोधी पथकेही याच अर्थाने ओळखली जातात. ट्रेसपास एका पावलाने पूर्ण होतो. एन्क्रोचमेंट म्हणजे जागेवर टिकून राहणे. वृत्तपत्रे पहिल्यासाठी बहुधा 'अनधिकार प्रवेश' किंवा 'घरात घुसणे' असे लिहितात आणि तो पर्याय अधिक सुबोध आहे, मात्र त्यात पलीकडे टाकलेल्या पावलाची प्रतिमा राहत नाही. ती प्रतिमा दोषाचा लवलेशही न लागता मराठीत एका ठिकाणी सुरक्षित आहे: दसऱ्याच्या दिवशी गावाची शीव ओलांडण्याला सीमोल्लंघन म्हणतात आणि ते शुभ मानले जाते.